कॅल्शियम अल्जिनेट पट्टी: होडीवरच्या औषधपेटीत घ्यावी का?

कालवं फोडताना तळव्याला लागलेला काप साध्या गॉजने बांधला, की दुसऱ्या दिवशी गॉजबरोबर खपलीही निघते. अल्जिनेटची पट्टी उजवी ठरते ती इथेच.

खपली म्हणजे नुसतं बूच नव्हे. थ्रॉम्बिन हे विकर रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे बनवतं आणि रक्त गोठवणारा घटक १३ ते एकमेकांना घट्ट जोडतो. धागा झाला की फायब्रिनोजेनचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी आपल्या पृष्ठावरच्या मॅक-१ या ग्राहीने (पकडीने) तोच धरतात. न्यूट्रोफिल काही तासांत पोचतात, मॅक्रोफेजांचा जोर दोन-तीन दिवसांनी. मधेच खपली उपटणं म्हणजे गवंडी वर असताना परांची सोडणं! रक्त पुन्हा येतं आणि दाह पहिल्यापासून सुरू होतो.

ही पट्टी तपकिरी समुद्रशेवाळाची. आपल्या खडकांवरचं सरगॅसम त्याच गटातलं. जखमेतल्या पाण्याचं सोडियम आत जातं, कॅल्शियम बाहेर पडतं आणि धाग्यांची जेली होते, म्हणून ती खपलीला चिकटत नाही. कॅल्शियम रक्त गोठायला लागतंच, पण उसळणारं रक्त या पट्टीने थांबत नाही. तिथे दाब आणि दवाखाना.

जखम स्वच्छ गोड्या पाण्याने धुवा. १० मिनिटं सलग दाबा. मधे उचलून बघू नका. पट्टी कोरडीच ठेवा, वर पॅड, मग चिकटपट्टी. समुद्राच्या पाण्याने आधीच भिजली तर शोषायची ताकद तिथेच संपते. वरचं पॅड ओलं झालं की बदला, नाहीतर दोन-तीन दिवसांनी, सलाईनने भिजवून. आतली पिवळट जेली पू समजून खरवडू नका.

कोरड्या ओरखड्यावर ही पट्टी चिकटते, तिथे पैसे वाया. शिंगाळा माशाच्या काट्याच्या अरुंद, खोल भोकात तर कोंबूच नये. धागे आत राहतात. लाली वर चढली, फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा: खाऱ्या पाण्यातला व्हिब्रिओ हा जंतू थांबत नाही. मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर आणखी घाई करा. धनुर्वाताचं इंजेक्शन पट्टीने टळत नाही.

साध्या गॉजपेक्षा महाग आहे, तरी पेटीत हवीच. पाकीट फोडलं की उरलेला तुकडा निर्जंतुक राहत नाही, म्हणून १०×१० सेंमीच्या एका पट्टीऐवजी ५×५ च्या चार घ्या आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा.