गांडूळ खत म्हणून काळी माती गळ्यात मारली

महिनाभर कुणाला सांगितलं नाही. चोपड्याकडच्या कपाशीच्या वावरात वाढलेल्या बाईला कुणी माती विकावी, ही लाजच तेवढी होती.

दसऱ्यानंतर जळगावात गल्लीत टेम्पो आला. 'शुद्ध गांडूळ खत', २५ किलोच्या सहा पिशव्या, प्रत्येकी ४५० रुपये, म्हणजे २,७००. वर टोमॅटोच्या 'टॉनिक'ची बाटली ३८०. एकूण ३,०८० रुपये फोनवरून दिले. पावती 'उद्या आणून देतो ताई' असं टेम्पोवाला म्हणाला.

तेव्हाच कळायला हवं होतं! ओल्या हाताने चिमूटभर उचललं, तर बोटांत चिकट, चकचकीत वळी झाली. पावसाळ्यात वावरातून आलं की चपलेला चिकटते तीच माती. तो म्हणाला, "ताई, ओलावा आहे." आणि मी गप्प बसले. गुडघ्यांमुळे मला बाजारात जाणं होत नाही, दारात आलेला माल सोडवला नाही.

चांगलं गांडूळ खत चहाच्या पत्तीसारखं मोकळं असतं, घाण वास येत नाही. लिटरचं माप भरून तोला: ७०० ते ९०० ग्रॅम भरतं. माझं १ किलो ३०० भरलं. पण हे तोललं नंतर.

कुंड्यांत भरलं, तर आठ दिवसांत त्या मातीला भेगा पडल्या. पाणी कडेने निघून जायचं, आत गोळा कोरडाच. टोमॅटोच्या चौदा रोपांपैकी अकरा गेली. पुदिना पिवळा पडला. कोथिंबीर, पुदिन्याला तसंही जास्त खत लागत नाही. टोमॅटोला फुलं धरल्यावर पालाश (पोटॅश) हवं. बाटलीवर घटकच लिहिलेले नव्हते.

कृषी कार्यालयात गेले. पहिला प्रश्न, "बिल?" मी म्हटलं, फोनवर पैसे गेल्याची नोंद आहे, पिशवी आहे, माल आहे. साहेब म्हणाले, "सहा पिशव्यांसाठी नमुना कोण घेणार?" १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात गांडूळ खताला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पाल्या-शेणातला कार्बन) किमान १८ टक्के लागतो, पिशवीवर उत्पादकाचं नाव लागतं. माझ्या पिशवीवर फक्त गांडुळाचं चित्र. हे दाखवलं, तर साहेब म्हणाले, पोलिसांत जा. पोलीस म्हणाले, कृषीत जा. तीन फेऱ्या, रिक्षाचे ३६० रुपये वेगळे! छोट्या गिऱ्हाईकाची फसवणूक ही फसवणूक नाही का? शेवटी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली.

नाव नसलेली पिशवी दारात उतरवूच देऊ नका. पावती आधी, पैसे मग.

टेम्पो परवा शेजारच्या कॉलनीत दिसला. मी गच्चीवरून ओरडले, तो निघून गेला. नंबर मात्र या वेळी लिहून घेतलाय.