गरोदरपणाचे आठवडे मोजायची चकती: घ्यावी का, आणि कोणती?

प्रसूतिपूर्व तपासणीच्या ओपीडीत मी नर्स आहे. ॲप्रनच्या खिशात पेनाशेजारी ही चकती कायम असते. पुठ्ठ्याच्या, प्लास्टिकच्या, बऱ्याच वापरून झाल्या. नव्याने लागलेल्या मुली विचारतात, फोनवर सगळं असताना ही घ्यायची कशाला? म्हणून सविस्तर लिहिते.

रचना साधी आहे. दोन गोल तबकड्या, मधोमध रिव्हेट. बाहेरच्या तबकडीवर वर्षभराच्या तारखा, आतल्या तबकडीवर 40 आठवडे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसावर बाण आणला की 40 च्या रेघेसमोर प्रसूतीची अंदाजे तारीख दिसते. मला तिचा सगळ्यात मोठा गुण वाटतो तो हा, की ती समोरच्या बाईच्या हातात देता येते. बाण स्वतः फिरवून पाहिला की बाई मोकळेपणाने प्रश्न विचारायला लागते.

आता उणिवा. तळहाताएवढ्या चकतीच्या कडेवर 365 दिवस बसवले की एका दिवसाच्या वाट्याला जेमतेम मिलिमीटरभर जागा येते. रिव्हेट सैल झाला किंवा अंगठा जरा सरकला की दोन-तीन दिवस इकडचे तिकडे. 29 फेब्रुवारीला बहुतेक चकत्यांवर जागाच नसते. घेण्याआधी बाण 10 मार्चवर लावून बघा. 280 दिवस मोजले तर 15 डिसेंबर यायला हवा. तोंडी हिशेब करणाऱ्यांचं उत्तर मात्र 17 डिसेंबर येतं, कारण ते जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले यांच्या नियमाने नऊ महिने आणि सात दिवस मिळवतात, आणि महिने काही सगळे सारखे नसतात. दोन दिवसांच्या या फरकाने बिघडत काही नाही, पण तो कुठून आला हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

खरी अडचण पुढे आहे. "सिस्टर, दिवस नेमके कधी राहिले?" हा प्रश्न रोज येतो, आणि चकतीवरचे आठवडे त्याचं उत्तर नसतात. मोजणी पाळीपासून सुरू होते. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ राहिलेलाच नसतो. एक बाई आली होती, कागदावर आठ आठवडे लिहिलेले, आणि नवरा परगावाहून येऊन सहाच आठवडे झालेले. घरात संशय सुरू झाला होता. मी दोघांना समोर बसवलं, बाण पाळीच्या तारखेवर धरला आणि दुसऱ्या आठवड्याच्या रेघेवर बोट ठेवलं. गर्भधारणा साधारण इथे, असं सांगितल्यावर नवऱ्याने चकती हातात घेऊन पुन्हा पुन्हा मोजलं. हिशेब बरोबर जुळत होता. म्हणून माझा आग्रह आहे की दुसऱ्या आठवड्यापाशी गर्भधारणेची वेगळी खूण छापलेलीच चकती घ्या. काही चकत्यांवर ती नसते, आणि माझ्या मते ही गंभीर उणीव आहे.

तीही खूण 28 दिवसांची पाळी धरूनच असते. जिची पाळी 35 दिवसांनी येते, तिचं बीज बहुधा एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. अख्ख्या आठवड्याचा फरक. पाळीची लांबी विचारणारे फोनवरचे कॅल्क्युलेटर इथे चकतीपेक्षा सरस आहेत. आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर फलन करून राहिलेला गर्भ असेल तर पाळी विचारायचीच नाही. पाच दिवसांचा गर्भ गर्भाशयात सोडला असेल तर प्रसूतीच्या तारखेसाठी त्या तारखेत 261 दिवस मिळवायचे.

आणि एकच ठाम दिवस सांगणारं कोणतंही साधन असो, त्यावर मी विश्वास ठेवत नाही. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस. संबंध आला तो दिवस आणि गर्भधारणेचा दिवस वेगळे असू शकतात. दोन संबंधांत चार-पाच दिवसांचंच अंतर असेल आणि मूल कोणाचं हा प्रश्न असेल, तर त्याचा निवाडा चकती करू शकत नाही, सोनोग्राफीही नाही. त्याला डीएनए चाचणीच लागते.

वय ठरवायला सगळ्यात भरवशाची पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी. त्यात गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतात. ही पद्धत रॉबिन्सन यांनी 1973 मध्ये मांडली, आणि तिचा अंदाज पाच ते सात दिवसांच्या आत-बाहेर असतो. नऊ आठवड्यांच्या आत चकतीत आणि स्कॅनमध्ये पाच दिवसांहून जास्त फरक आला तर स्कॅनची तारीख धरतात. त्यानंतर चौदाव्या आठवड्यापर्यंत ही मर्यादा सात दिवसांची. पुढे मुलं आपापल्या चणीने वाढतात, त्यामुळे उशिराच्या स्कॅनवरून तारीख बदलू नये. बदलली, तर खरोखर वाढ खुंटलेलं बाळ नुसतं 'लहान वयाचं' समजून दुर्लक्षित राहू शकतं. ही भीती मला नेहमी वाटते.

तेव्हा पहिल्या भेटीसाठी आणि समजावून सांगण्यासाठी चकती जरूर घ्या. प्लास्टिकची, घट्ट रिव्हेटची, गर्भधारणेची खूण असलेली. आणि केसपेपरवर तारखेशेजारी ती पाळीवरून काढली की स्कॅनवरून, हे दर वेळी लिहा.