नाण्यांसाठी अल्बम की कॅप्सूल?

भाचीकडे आजोबांचे राणीछाप चांदीचे रुपये आणि मूठभर शिवराया (मराठेशाहीतली तांब्याची नाणी) आल्या आहेत. घर रत्नागिरीत, म्हणजे पावसाळाभर दमट हवा. तिला अल्बम घ्यावा की कॅप्सूल, म्हणजे एकेका नाण्याची पारदर्शक गोल डबी, ठरत नाहीये.

खर्चात अल्बम सरळ जिंकतो. एका पानात वीसेक नाणी बसतात, पाहुण्यांना दाखवायलाही सोपं. पण पान कशाचं आहे ते बघा. मऊ, वास मारणारं पीव्हीसी असेल तर काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो आणि तांबं तर खातंच. ‘आर्काइव्हल’ (दीर्घकाळ जपणुकीसाठी) छापलंय म्हणून भुलू नका, पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलार या नाण्यांना न बाधणाऱ्या प्लास्टिकचं आहे का, एवढंच विचारा.

कॅप्सूल दर नाण्यामागे महाग पडते, जागाही खाते. मात्र बोट लागत नाही, घासत नाही. हवाबंद नसतेच, त्यामुळे कॅप्सूल ठेवायच्या डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल हवंच. रुपया साडेतीस मिलिमीटरचा, नेमक्या मापाची मिळते. शिवराई हातानं पाडलेली, वेडीवाकडी. ती गोल खाचेत खुळखुळते.

म्हणून रुपये कॅप्सूलमध्ये, शिवराया मायलारच्या पाकिटांत. शंभरेक साधी चलनी नाणी जमवणाऱ्याला चांगला अल्बम पुरे. आणि चिंच-पितांबरी दोघांनीही लांब ठेवा!