तोलोलोची ‘रात्रीची सहल’ विकणाऱ्याला एक पेसोही देऊ नका

चिलीतल्या एल्की नदीच्या खोऱ्यात, सेर्रो तोलोलो या डोंगरावरच्या वेधशाळेची रात्रीची सहल विकून, आम्हा नवराबायकोला एका माणसानं ३,५२,५०० पेसोंना फसवलं. आम्ही होतो तेव्हा साधारण अकरा पेसोंना एक रुपया पडत होता, म्हणजे बत्तीस हजारांच्या वर गेले. हा आकडा मी आमच्या मुलापासून तीन दिवस लपवला. तो सांतियागोला नोकरीला आहे आणि आम्हाला बसमध्ये बसवताना त्यानं बजावलं होतं, “आई, रस्त्यावर भेटलेल्या माणसाकडून काही बुक करू नकोस.” इतकं सांगूनही मी तेच केलं. लिहिताना अजून कानशिलं तापतात, पण त्या खोऱ्यात जाणारे मराठी लोक वाढलेत, म्हणून लिहायलाच हवं.

मी काही न वाचता गेले नव्हते. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अटाकामाच्या दक्षिणेचा हा अर्धवाळवंटी पट्टा, पाऊस नावापुरता, दोन्ही बाजूंना बोडके तपकिरी डोंगर आणि मधे नदीच्या काठानं द्राक्षमळ्यांची हिरवी पट्टी, हे मुलांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. कवयित्री गाब्रिएला मिस्त्राल यांना १९४५ साली नोबेल मिळालं, त्या याच खोऱ्यातल्या विकुन्या गावात जन्मल्या आणि मोंतेग्रांदेला त्यांची समाधी आहे, हे माहीत होतं. पिस्को एल्की या गावाचं आधीचं नाव ला युनियन होतं, पिस्को या द्राक्षांच्या दारूवरचा चिलीचा हक्क ठसवायला १९३६ मध्ये ते बदललं, हेही. सेर्रो तोलोलोची वेधशाळा लोकांना फक्त शनिवारी, दिवसा दाखवतात, फुकट दाखवतात आणि त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, हे तर माझ्या वहीत लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात.

विकुन्याच्या चौकात तो लाकडी बावर टॉवर आहे ना, त्याच्या सावलीत टेबल मांडून तो बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, समोर खोऱ्याचा नकाशा, कार्डाचं यंत्र. इंग्रजी छान. आम्हाला स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता आणि दोन दिवस खुणांवर काढल्यावर कुणी नीट बोलणारा भेटला की माणूस सैल पडतो. त्यानं छापील कागदावर सहा गोष्टी दाखवल्या: मिस्त्राल संग्रहालय, मोंतेग्रांदे, पिस्कोची डिस्टिलरी, एका छोट्या वायनरीत चव, पुक्लारो धरणावर सूर्यास्त आणि रात्री नऊला तोलोलोच्या मोठ्या दुर्बिणीतून आकाश. माणशी ६८,०००. दोघांचे १,३६,०००.

आता ऐका. मी त्याला विचारलं, “तोलोलो शनिवारीच असतं ना?” त्या दिवशी मंगळवार होता. तो म्हणाला, ते इथल्या लोकांसाठी, परदेशी पाहुण्यांसाठी वेगळी परवानगी असते.

आणि मी मान डोलावली.

त्या मान डोलावण्यावर मी किती रात्री जागले ते माझं मला माहीत. तोलोलोच्या चार मीटर व्यासाच्या ब्लांको दुर्बिणीला डोळा लावायची सोयच नाही. २०१२ पासून तिच्यावर ५७० मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे, शास्त्रज्ञांना तिच्या रात्री कित्येक महिने आधी मागून घ्याव्या लागतात, आणि ते त्या रात्री पर्यटकांना वाटणार? हे मला ठाऊक होतं! शिवाय तो ‘आकाशगंगा अगदी स्पष्ट दिसेल’ म्हणाला तेव्हा मी एकदा वर पाहायला हवं होतं. शुद्ध चतुर्दशी होती. आदल्या रात्री आमच्या खोलीच्या खिडकीतून एवढा चंद्रप्रकाश येत होता की ह्यांनी पडदा ओढून घेतला होता. एवढ्या उजेडात कसली आकाशगंगा? माणसाला हवं ते कुणी सांगितलं की माहीत असलेलं मागं पडतं, याशिवाय माझ्याकडे उत्तर नाही.

पैशांचं ऐका, कारण खरा हात तिथे मारला. कार्ड घातलं, पिन टाकला, त्यानं यंत्र स्वतःकडे वळवून मान हलवली. “सिग्नल नाही, व्यवहार झाला नाही.” शेजारी एटीएम होतं. हे म्हणाले, “अगं, झाला नाही असं लिहिलेली चिठ्ठी तरी घे.” मीच म्हणाले, “अहो, गाडी निघेल.” १,३६,००० रोख काढून दिले, वर परदेशी कार्डाचा आकार ८,५००. आमची भारतातली सिमं रोमिंगचा खर्च नको म्हणून बंद होती, त्यामुळे बँकेचा मेसेज आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मुलाच्या घरी खातं उघडून पाहिलं तर कार्डावरूनही १,३६,००० गेलेले. यंत्र नाही म्हणालं तर ‘रेचासादा’, म्हणजे नाकारला, असं छापलेली चिठ्ठी हातात आल्याशिवाय रोख काढू नका. आणि यंत्राचा पडदा तुमच्या डोळ्यांसमोर राहू द्या.

गाडी त्याची नव्हती, चालक वेगळाच. त्याला इंग्रजी येत नव्हतं, म्हणजे विचारायची सोय संपली. संग्रहालयात तिकिटाची खिडकीच नाही, कारण चिलीतल्या सरकारी संग्रहालयांना प्रवेशशुल्क नाही. आमच्या कागदावर मात्र त्याचे माणशी ६,००० लावलेले. मोंतेग्रांदेला समाधीपाशी पंधरा मिनिटं. पिस्को एल्कीला चालकानं हातानंच ‘बंद’ अशी खूण केली आणि पुढे काढलं. डिस्टिलरी तिथे चौकालगत आहे, फेरीचं तिकीट तिच्या दारातच मिळतं, मधल्या माणसाची गरजच नाही. हे नंतर कळून काय उपयोग?

‘वायनरी’ म्हणजे एका घरामागची पत्र्याची शेड. बोटभर सिरा वाइन, बोटभर मस्कत वाइन, आणि मग बाटल्या समोर. ‘घरचा पिस्को’ म्हणून तीन बाटल्या घेतल्या, १४,००० ला एक, ४२,०००. बोलेता, म्हणजे विक्रीची पावती, मागितली तर बाई हसल्या. रात्री खोलीवर चष्मा लावून लेबल वाचलं. बारीक अक्षरात ‘आग्वार्दिएन्ते’, म्हणजे नुसतीच गाळलेली दारू, आणि २८ अंश, म्हणजे २८ टक्के अल्कोहोल. चिलीत १९३१ पासून पिस्को हे नाव फक्त अटाकामा आणि कोकिंबो या भागांतल्या द्राक्षांच्या दारूला लावता येतं, आणि अगदी साध्या पिस्कोलाही किमान ३० अंश लागतात. बाटली हातात आली की आधी तो आकडा वाचा.

पुक्लारोला वारा एवढा की उभं राहवेना. सूर्यास्त सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पण तो रस्त्याकडेच्या कठड्यावरून कुणालाही दिसतो, त्याचेही आमच्याकडून माणशी ८,००० घेतले होते.

नऊ वाजता गाडी तोलोलोच्या फाटकाशी थांबली. चालकानं आम्हाला उतरवलं, वर बोट दाखवलं, घड्याळ दाखवलं, म्हणजे वरून कुणीतरी न्यायला येणार. आणि गाडी वळवून निघून गेला. फाटक बंद. डोंगर चांदण्यात पांढरेफटक, थंडी हाडात शिरत होती आणि ह्यांच्या अंगात नुसता स्वेटर. पहारेकरी बाहेर आला, आमचा कागद त्यानं दिव्याखाली धरला आणि म्हणाला, “दे नोचे, नो. नुंका.” रात्री नाही, कधीच नाही. एवढी स्पॅनिश मला तेव्हा कळली. त्या भल्या माणसानं ह्यांना आत खुर्ची दिली, फोन करून टॅक्सी बोलावली. टॅक्सीचे ३०,०००.

दुसऱ्या दिवशी चौकात टेबल नव्हतं. पोलीस चौकीत गेलो. फोनवरच्या भाषांतरावर तासभर बोललो. त्यांनी माणसाचं पूर्ण नाव विचारलं. मला नाव ठाऊक असतं तर मी तिथे आले असते का? मग म्हणाले, फाटक या चौकीच्या हद्दीत येत नाही. अहो, पैसे तर तुमच्या दारापासून दोनशे पावलांवर घेतले! शेवटी एका चिठ्ठीवर संकेतस्थळाचा पत्ता लिहून दिला. त्या अर्जात पहिलाच रकाना तिथल्या ओळख क्रमांकाचा, रुतचा. तो परदेशी माणसाकडे नसतो आणि त्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. पर्यटन कचेरीच्या खिडकीवर गेलो तर तिथली मुलगी म्हणाली, तो आमच्याकडे नोंदलेला नाही, त्यामुळे आम्हाला काही करता येत नाही. मी परत परत विचारलं: नोंदणी नसलेला माणूस तुमच्या चौकात, तुमच्या खिडकीतून दिसेल असं टेबल टाकून बसतो, आणि तो नोंदलेला नाही म्हणूनच तुम्ही हात झटकता? मग ती खिडकी कुणासाठी आहे? तिनं मला नकाशा दिला. फुकट.

आपल्याकडच्या बँकेनं तर कहर केला. पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीनं झाला. रोख दिल्याचा पुरावा? पावती नाही. पोलिसांची प्रत? इंग्रजीत हवी. सात ईमेल गेले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सांगा. एकानं तर विचारलं, “मॅडम, तुम्ही तिथे कशाला गेला होतात?” रिटायर झालेल्या बाईनं आपल्या पैशानं कुठे जावं हे आता बँक ठरवणार का?

रात्रीचं आकाश बघायचंच असेल तर विकुन्याजवळ मामायुका ही नगरपालिकेची वेधशाळा आहे, १९९८ पासून खास लोकांसाठीच चालवलेली. तिथे खरोखर दुर्बिणीला डोळा लावता येतो. तिकीट त्यांच्या गावातल्या कार्यालयातूनच काढा, आणि तारीख ठरवताना कालनिर्णय बघा, अमावास्येच्या आसपासची घ्या. तोलोलोसाठी नाव आधी तोलोलो वेधशाळेकडेच नोंदवा, गाडीची सोय स्वतः करा. त्यासाठी कुणीही पैसे मागितले तर तिथून निघा.

मुलाला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही, याचंच जास्त वाईट वाटलं. त्यानं लगेच तोलोलोची नोंदणी उघडून पाहिली. त्या शनिवारी दोन जागा शिल्लक होत्या. आमचं परतीचं विमान शुक्रवारचं होतं.