अळसांद्यांसाठी रायझोबियम, पीएसबी, मायकोरायझा की ट्रायकोडर्मा?

भातकापणीनंतरच्या ओलीवर अळसांदे (चवळीचा प्रकार) पेरणाऱ्याला या चारही गोष्टींची एकदम गरज क्वचितच पडते. आधी शेत काय सांगते ते पाहावे.

रायझोबियम हा जिवाणू मुळांच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला देतो. जिथे दरवर्षी अळसांदे, मूग किंवा कुळीथ होतो, तिथे तो मातीत बहुधा असतोच. ३०-३५ दिवसांचे रोप खुरप्याने मातीसकट काढा (उपटले तर गाठी मागेच राहतात) आणि गाठ कापा. आत लालसर असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. लाल गाठी भरपूर असतील तर त्याच्या संवर्धकाचे (जिवंत जिवाणूंच्या पावडरीचे) पाकीट घेऊन फारसा फरक पडत नाही. नव्या मरडीत (उंचावरच्या जमिनीत) किंवा वर्षानुवर्षे फक्त भात घेतलेल्या शेतात मात्र पहिला खर्च याच्यावर करावा. पाकिटावर पिकाचे नाव पाहा. हरभऱ्याचे किंवा सोयाबीनचे संवर्धक इथे उपयोगाचे नाही.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅम पावडर पुरते. गुळाचे पाणी उकळून पूर्ण थंड करा, बी जेमतेम ओले होईल एवढेच वापरा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. आपली जांभ्याची माती आम्ल, म्हणून वरून खडूची (कॅल्शियम कार्बोनेटची) बारीक पूड चोळावी. खायचा चुना नको, तो जिवाणू मारतो. द्रवरूप संवर्धक किलोला ५-१० मिली लागते आणि पावडरीपेक्षा जास्त टिकते, पण उन्हात तापलेली बाटली घेऊ नये.

स्फुरदासाठी पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) स्वस्त, पण जांभ्यात स्फुरद लोह-ॲल्युमिनियमने धरून ठेवलेला असतो आणि तो सोडवणे या जिवाणूंना जड जाते. इथे मायकोरायझा ही मुळांत वाढणारी बुरशी उजवी: तिचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरचा स्फुरद आणतात. ती बियाण्याखाली, मुळाला लागेल अशी सरीत टाकावी. सुपर फॉस्फेट भरपूर ओतले तर तीही मुळांत नीट वसत नाही.

ट्रायकोडर्मा खत नव्हे, रोगाच्या बुरशीला रोखणारी बुरशी आहे. मूळकूज, खोडकूज होत असेल तरच घ्या: किलोला ४-५ ग्रॅम, आधी हा आणि मग रायझोबियम. कार्बेन्डाझिम (रासायनिक बुरशीनाशक) लावलेल्या बियाण्यावर तो मरतो.

युरियाचा हात सैल सुटला की गाठी धरत नाहीत, पाणी साचले तरी तेच. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) खार वर येत असेल तर यातले काहीही घेण्याआधी जागा बदला.