भिशीत आधी कोणता: ‘स्पर्श’ की ‘दोघी’?

सांगलीत आमच्या भिशीनं ठरवलंय, दर महिन्याला एक चित्रपट बघायचा, तोही बाईनं दिग्दर्शित केलेला. पहिल्यासाठी दोनच नावं उरली: सई परांजपे यांचा ‘स्पर्श’ (१९८०) आणि सुमित्रा भावे यांनी सुनील सुकथनकरांसोबत केलेला ‘दोघी’ (१९९५).

‘स्पर्श’ हिंदी, त्यामुळे शेजारच्या गुजराती वहिनींनाही सोपा. अंध मुख्याध्यापकाला कुणाची कीव नको असते. प्रेमातही ती मिसळली असेल का, याचाच त्याला धसका. सईताईंचा कान संवादांना फार तयार आहे. शाळेतल्या मुलांची थट्टामस्करी ऐकताना त्यांचं अंधत्व आपण विसरून जातो.

‘दोघी’ मात्र आत रुतून बसतो. सुमित्राताई मूळच्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. बायकांचं जगणं जवळून ऐकत त्या १९८५च्या ‘बाई’ या लघुपटापासून चित्रपटाकडे वळल्या, आणि ते ऐकणं ‘दोघी’च्या प्रत्येक दृश्यात जाणवतं. दोघी बहिणींतल्या थोरलीच्या लग्नाच्याच दिवशी नवरामुलगा जातो, ती अपशकुनी ठरते, मुंबईला धाडली जाते. पुढे तिनं पाठवलेले पैसे घराला चालतात, ती चालत नाही. आईची भूमिका करणाऱ्या उत्तरा बावकरांचा चेहरा मी वर्षानुवर्षं विसरलेले नाही. आणि गावाची ती कोरडी जमीन! आमच्यातल्या जत-आटपाडीकडच्या बायकांना ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

माझं मत ‘दोघी’ला. त्यानंतर बायका बोलतील, स्वतःच्या घरांबद्दलही. ‘स्पर्श’ पुढच्या महिन्यात, मुलांना सोबत बसवून.