फर्स्ट इयरला पहिली प्रोग्रामिंग लँग्वेज कुठली ठेवायची: सी, पायथन की जावा?

कॉलेज ऑटोनॉमस झालं की सिलॅबस आपल्या हातात येतो आणि पहिला वाद इथेच होतो. मी नवी मुंबईत फर्स्ट इयरला शिकवते, सिलॅबस कमिटीवर बसलेल्यांसाठी लिहितेय. आमच्या वर्गात बारावीला सीएस बायफोकल (कॉम्प्युटर सायन्सचा व्होकेशनल विषय) घेतलेली मुलं असतात आणि त्यांच्याच बाकावर ठाण्याहून पनवेल लोकलने येणारी, घरी लॅपटॉप नसलेली, कीबोर्डवर पहिल्यांदाच बसणारी पण असतात, तर निवडताना ही दुसरी मुलं आधी बघा.

सी म्हणजे 1972 च्या सुमाराची, बेल लॅब्समध्ये डेनिस रिचींनी बनवलेली. मेमरीत काय चाललंय ते हिच्याइतकं उघडं या तिघींत कुणी दाखवत नाही, पण पहिल्या महिन्यात तेच जड जातं. स्कॅनएफमध्ये (सीचं इनपुट घेणारं फंक्शन) व्हेरिएबलच्या आधीचं अँडचं चिन्ह राहिलं की बऱ्याचदा कंपाइल होतं आणि रन करताना आपटतं, आणि ते चिन्ह का लागतं हे सांगायचं तर अ‍ॅड्रेस (व्हेरिएबलची मेमरीतली जागा) शिकवायला हवा जो सिलॅबसमध्ये खूप पुढे येतो, मग मुलं सरळ पाठ करतात. पाच जागांच्या अ‍ॅरेत सहावी जागा वाचली तरी सी काही बोलेलच असं नाही, गार्बेज व्हॅल्यू, म्हणजे मेमरीत पडलेला भलताच आकडा, दाखवून पुढे जाते. पायथन तिथेच थांबते आणि लाइन नंबरसकट इंडेक्स एरर देते. 13 चं फॅक्टोरियल 32 बिटच्या इंटमध्ये (पूर्णांक ठेवायचा टाइप) मावत नाही, सी चुकीचं उत्तर देते आणि गप्प बसते, पायथन 100 चं पण बरोबर काढते. नवख्या मुलाला स्वतःची चूक स्वतःला सापडणं हे माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आहे. शिवाय पायथन मोबाइलच्या ब्राउझरवर पण चालवता येते, म्हणजे घरी प्रॅक्टिस होते.

पण पायथनवरच थांबू नका प्लीज. एक लिस्ट दुसऱ्या नावाला दिली, दुसरीत अपेंड केलं (शेवटी काही जोडलं) आणि पहिली पण बदलली की मुलं गोंधळतात, आणि हे नीट कळायला सीमधला पॉइंटर (मेमरीतला अ‍ॅड्रेस ठेवणारं व्हेरिएबल) हातून गेलेला असला तर फार सोपं जातं.

जावा चांगली आहे, पण थर्ड सेमला, ओओपीबरोबर (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग). जावा 25 मध्ये छोट्या प्रोग्रामलाही लिहावी लागणारी पब्लिक स्टॅटिक व्हॉइडची ओळ सक्तीची राहिली नाही, तरी माझं मत हेच.

हार्वर्डचा सीएस50 हा सुरुवातीचा कोर्स स्क्रॅचनंतर (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायची लँग्वेज) सी आणि मग पायथन घेतो असं कुणीतरी म्हणेलच, खरंय, पण तिकडे टीचिंग असिस्टंटची फौज असते, आपल्याकडे अख्ख्या बॅचला एक मॅडम.

म्हणून माझं मत, सेम वनला पायथन, सेम टूला सी. एकच सेम मिळत असेल आणि ब्रँच इलेक्ट्रॉनिक्स असेल तर सी ठेवा, मायक्रोकंट्रोलरला लागतेच. फक्त लॅबमधून टर्बो सी हा जुना कंपाइलर काढून जीसीसी हा कंपाइलर टाका, फुकट आहे, टर्बोमध्ये इंट 16 बिटचा म्हणजे 8 चं फॅक्टोरियलच चुकतं.